पडद्याचें छायाचित्र : नक्कल कीं कृति?

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चाललेल्या चित्राचें कोणीं छायाचित्र घेतलें, तर त्यास कला म्हणावें काय, असा प्रश्न हल्लीं वाचकांच्या पत्रांतून वरचेवर येऊं लागला आहे. प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटतो. पडद्यावर जें दिसतें तें दुसऱ्या कोणीं तरी आधींच घेतलेलें. उजेड त्याचा, नट त्याचे, उभें राहण्याची जागाहि त्यानेंच ठरविलेली. मग आपण समोर बसून कळ दाबली यांत आपलें तें काय, असें वडील मंडळी विचारतात. तरुणांचें म्हणणें अगदीं उलट टोकाचें. असंख्य क्षणांतून एक क्षण ज्यानें निवडला त्यानें निर्मिति केली, कारण निवड हीच कला, असें म्हणून ते मोकळे होतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष घाईंत आहेत. निवड हीच कला मानली तर मंडईंत वांगीं निवडणारी प्रत्येक गृहिणी कलावती ठरेल. ती असेलहि; पण तें भाजी पानांत पडल्यावर ठरवावें, टोपली भरतांना नव्हे.

वडील मंडळींचा आक्षेप अधिक वजनदार दिसतो म्हणून तो आधीं घेऊं. त्याचा पाया असा कीं, पडद्यावर एक चित्र तयार असतें व कॅमेरा त्याची केवळ प्रत उतरतो. जुन्या संचाच्या बाबतींत हा पाया खरा नाहीं. आमच्या पिढीनें पाहिलेला संच म्हणजे फुगीर कांचेचा, पाठीमागें भलें मोठें खोकें असलेला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां आम्ही शाळेंत होतों. ज्याच्या घरीं संच त्याच्या घरीं सारी आळी, असे ते दिवस. त्या कांचेच्या आंतून विजेच्या कणांचा एक बारीक झोत एकामागून एक आडव्या रेघा ओढीत जाई. आपल्याकडील पद्धतींत एका चित्राला ६२५ रेघांची योजना आणि सेकंदाला अशीं २५ चित्रें. त्यांतहि आधीं एक रेघ सोडून एक, मग राहिलेल्या. झोत जेथें पडे तो बिंदु चमके आणि लागलीच मंदावूं लागे. म्हणजे कोणत्याहि एका क्षणीं कांचेवर पुरें चित्र असें नसेच. असे तो एक धांवता तेजस्वी ठिपका आणि त्याच्या मागें विझत चाललेली वाट. चित्र पुरें होई तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

ज्यांनीं थोडेंबहुत व्याकरणशास्त्र वाचलें आहे त्यांस येथें एक जुनी ओळखीची अडचण आठवेल. 'गौः' हा शब्द उच्चारतांना औकार निघतो तेव्हां गकार संपलेला असतो, आणि विसर्ग येतो तेव्हां दोन्हीहि गेलेले असतात. तीन वर्ण एका वेळीं कधींच एकत्र नसतात. मग गाय कळते ती कशावरून? भर्तृहरीसारख्या वैयाकरणांनीं यास उत्तर दिलें तें स्फोटाचें : ध्वनि क्रमानें येतात आणि जातात, पण त्यांच्या योगें मनांत उजळणारा शब्द अखंड असतो. जुन्या संचावरील ठिपका हा ध्वनीच्या जागीं आणि दिसणारें चित्र हें स्फोटाच्या जागीं मानलें, तर कॅमेरा काय करतो हें नीट ध्यानांत येतें. सेकंदाचा पंचविसावा भाग झांकण उघडें ठेवलें तर साऱ्या रेघा फिल्मवर जमा होतात. घाई करून सव्वाशेवा भाग दिला तर चित्राचा एक पट्टा उजळ आणि बाकीचा काळोख, असा प्रकार हातीं येतो. (आणि उत्साहाच्या भरांत झगमगाटी दिवा लावला तर कांचेवर पांढरा डाग तेवढा उमटतो, लग्नाच्या छायाचित्रकारांनींहि हें केलेलें आम्हीं पाहिलें आहे.) तात्पर्य, जें चित्र कांचेवर एका क्षणीं कोठेंच नव्हतें, तें कागदावर प्रथमच एका जागीं आलें. यास नक्कल म्हणतांना जीभ थोडी अडखळावयास हवी.

तथापि हा पदार्थविज्ञानाचा चमत्कार झाला. एवढ्यानें कला सिद्ध होत नाहीं. तशी ती होत असती तर इंग्लंडांतील जॉन क्युरा हा त्या देशाचा फार मोठा कलावंत ठरला असता. या गृहस्थाचा धंदा १९४७ पासून १९६८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, एकच होता : घरीं संचासमोर कॅमेरा मांडून बसावयाचें आणि चालू कार्यक्रमाचीं छायाचित्रें घ्यावयाचीं. सुमारें अर्ध्या तासाच्या एका भागाचीं साठ-सत्तर चित्रें होत. तीं तो नटांस व दिग्दर्शकांस विकी. गिऱ्हाइकें मिळण्याचें कारण उघड आहे. त्या काळीं पुष्कळ नाटकें थेट प्रक्षेपित होत. नटाला स्वतःचें काम पाहण्याची सोय नसे, आणि प्रयोग संपला कीं तो हवेंत विरला. ज्यांचें मुद्रण होई त्यांच्याहि फिती कालांतरानें पुसून पुन्हां वापरल्या जात.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजीं बी.बी.सी.वर 'डॉक्टर हू' नांवाची मालिका सुरू झाली. तिचें पहिलें कथानक दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे. इंग्रजींत लिहिणाऱ्या कादंबरीकर्त्या अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. पुढें १९६४ सालीं याच मालिकेंत मार्को पोलोच्या प्रवासावर सात भागांचें एक कथानक झालें व त्यांतील सहा भाग हुसेन यांनीं बसविले. या सातांपैकीं एकहि भाग बी.बी.सी.नें आपल्यापाशीं राखला नाहीं. आवाज राहिला, तो घरोघरच्या प्रेक्षकांनीं ध्वनिफितींवर उतरवून ठेवला म्हणून. आणि रूप राहिलें तें क्युराच्या छायाचित्रांत. दिग्दर्शकानें आपल्या सहा भागांचीं चित्रें त्याच्याकडून घेऊन जपून ठेविलीं होतीं. तीं पुढें कित्येक वर्षांनीं बाहेर आलीं, आणि आवाज व चित्रें एकत्र लावून तें हरवलेलें नाटक लोक आतां पाहूं शकतात.

क्युरास कलावंत म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. तो पोथीचा लेखक, कवि नव्हे. परंतु हें म्हणतांना आमच्या मनांत तुच्छता लेशमात्र नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें १९१९ ते १९६६ एवढ्या दीर्घ काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, ती ज्या शेंकडों हस्तलिखितांवरून, त्यांच्या बहुतेक लेखकांचीं नांवेंहि आज आपणांस ठाऊक नाहींत. त्यांनीं एक श्लोक रचला नाहीं. त्यांनीं बोरू झिजविला म्हणून व्यास आपल्यापर्यंत आले. जें कला नव्हे तें कमी, ही समजूत अलीकडची आहे आणि ती फार नुकसान करते. पण तिजकडे पुढें वळूं.

पडद्याचें छायाचित्र मूळ चित्राहूनहि टिकाऊ ठरावें, याचें सर्वांत मोठें उदाहरण अर्थातच चंद्रावरील पहिल्या पावलाचें. अमेरिकेंत ती २० जुलै १९६९ ची रात्र आणि आपल्या घड्याळाप्रमाणें २१ जुलैची सकाळ होती. चंद्रावरून येणारें चित्र सेकंदाला दहा आणि ३२० रेघांचें, म्हणजे घरगुती संचांस न मानवणारें होतें. तेव्हां पृथ्वीवरील केंद्रांत तें एका छोट्या पडद्यावर दाखवून त्या पडद्यासमोर नेहमीचा दूरचित्रवाणी-कॅमेरा रोखला गेला. जगानें जें पाहिलें तें पडद्याचेंच चित्रण! मूळ संकेत ज्या फितींवर होते त्या बहुधा पुसून पुन्हां वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासानें पुष्कळ शोधाअंतीं २००९ सालीं काढला. ऑस्ट्रेलियांतील हनीसकल क्रीक केंद्रावरील एक तंत्रज्ञ, एड फॉन रेनूआर्ड, यांनीं मात्र आपल्या घरगुती चित्रपट-कॅमेऱ्यानें केंद्रांतील तो छोटा पडदा टिपून ठेविला होता, आणि त्यांत कांहीं दृश्यें जगानें पाहिलेल्या चित्रापेक्षां अधिक स्पष्ट उतरलीं आहेत.

आतां मूळ प्रश्न. दुसऱ्याच्या कृतीवरून केलेली कृति स्वतंत्र केव्हां मानावी, याचा विचार आपल्या साहित्यशास्त्रांत हजार वर्षांपूर्वींच झालेला आहे, आणि तो इतका नेटका आहे कीं पडद्याच्या छायाचित्रास तो जसाच्या तसा लागू पडतो. काश्मीरांतील आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्योतांत कवितेकवितेंतील सादृश्याचे तीन प्रकार सांगितले. पहिलें प्रतिबिंबासारखें, दुसरें काढलेल्या चित्रासारखें, तिसरें दोन देहधारी माणसांच्या साम्यासारखें. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्माच नसतो म्हणून तें टाकावें. चित्रासारख्या साम्यांत आत्मा असतो पण तो क्षुद्र, म्हणून तेंहि टाकावें. दोन माणसें एकमेकांसारखीं दिसलीं तर मात्र दोघांचा जीव निराळा असतो. तेथें साम्य हा दोष नव्हे. मुख चंद्रासारखें असलें म्हणून त्याची शोभा उणी होत नाहीं. पुढें राजशेखरानें काव्यमीमांसेंत याला चौथा प्रकार जोडला, परपुरप्रवेशाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नगरांत शिरण्याचा : मूळ वस्तु तीच, पण मांडणी सर्वस्वीं वेगळी. कवींच्या चोरीला वाण्यांच्या चोरीच्या पंगतीस बसविणारा हा गृहस्थ आपला पणजोबा अकालजलद यास महाराष्ट्राचा चूडामणि म्हणवितो, तेव्हां आपल्याशीं त्याचें कांहीं नातें आहेच.

या कसोटीवर पहिल्या प्रथम बाद होतात तीं पडद्याच्या चार कडांत नेमकीं बसविलेलीं, निव्वळ चित्राचीं चित्रें. हल्लीं भ्रमणध्वनीवर क्रिकेटच्या सामन्याचा शेवटचा चेंडू टिपून आप्तेष्टांस धाडतात, तीं याच वर्गांतलीं. तीं प्रतिबिंबें होत. क्युराचींहि प्रतिबिंबेंच, फरक इतकाच कीं बिंब नाहींसें झाल्यामुळें त्यांस मोल आलें.

रिचर्ड प्रिन्स या अमेरिकन कलावंताचें प्रकरण याहून अवघड. त्यानें पडदा नव्हे, तर सिगारेटच्या छापील जाहिरातींतील घोडेस्वारांचीं छायाचित्रें पुन्हां छायाचित्रित केलीं, जाहिरातीचीं अक्षरें वगळलीं, आकार वाढविला. आणि त्यांतील एक २००५ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत दहा लाख डॉलरांच्या वर गेलें. त्याचे पुरस्कर्ते यास परपुरप्रवेश म्हणतील. आम्हांस विचाराल तर तो नगरांत शिरला खरा, पण तेथें त्यानें एक भिंतहि बांधली नाहीं. वेशीवरची पाटी तेवढी उतरविली. लिलांवाचा आंकडा हा रसिकतेचा पुरावा मानावा असें आम्हांस अद्याप कोणीं पटवून दिलेलें नाहीं.

परंतु तिसऱ्या प्रकारांत, जेथें जीव निराळा आहे तेथें, पडद्याचें छायाचित्र बसूं शकतें. आणि तसें तें बसलेलेंहि आहे. ली फ्रीडलँडर हे १९३४ सालीं जन्मलेले अमेरिकन छायाचित्रकार. देशभर फिरतांना ते रस्त्याकांठच्या भाड्याच्या खोल्यांत उतरत, आणि त्या खोल्यांत चालू असलेल्या संचांचीं छायाचित्रें त्यांनीं १९६१ पासून पुढें जवळजवळ दहा वर्षें घेतलीं. फेब्रुवारी १९६३ मध्यें 'हार्पर्स बझार' या पोषाखाच्या फॅशनींना वाहिलेल्या मासिकांत त्यांतील कांहीं प्रसिद्ध झालीं. सोबत वॉकर इव्हान्स या थोर छायाचित्रकाराचा लहानसा लेख होता. 'छोटे पडदे' अशा अर्थाच्या नांवानें ही माला ओळखली जाते. चित्रांना शीर्षकें नाहींत. गांव आणि साल तेवढें. १९६२ मधील एक चित्र व्हर्जिनिया प्रांतांतील गॅलॅक्स गांवचें आहे. खोलींत माणूस नाहीं. खाटेचा कठडा आहे, भिंत आहे, आणि पलीकडे संचावर एका बालकाचें भलें मोठें तोंड आपल्याकडे टक लावून पाहत आहे.

हें चित्र आम्हीं प्रथम एका पुस्तकांत पाहिलें तेव्हां कितीतरी वेळ पान उलटवलें नाहीं. तें बालक कोणाचें, कार्यक्रम कोणता, मूळ चित्र कोणीं घेतलें, यांपैकीं कांहींहि ठाऊक असण्याची गरज भासत नाहीं. साऱ्या खोलींत जिवंत असें एकच आहे, आणि नेमकें तेंच खोलींत नाहीं. ही गोष्ट तारेवाटे आलेली नाहीं. प्रक्षेपण करणाऱ्याला ती माहीतहि नव्हती. ती सांगितली ती मागें उभें राहून कठड्यासह संच पाहणाऱ्या माणसानें. फ्रीडलँडर दोन पावलें पुढें सरकले असते, तर तेंच चित्र प्रतिबिंब झालें असतें. त्या दोन पावलांच्या अंतरांतच सारी कला आहे. घरांतल्या बालकास कोणी तरी मायेनें पाहतें. येथें बालक रिकाम्या खाटेकडे पाहतें आहे, आणि एकटेपणा हा शब्द न उच्चारतां कळतो. ध्वनि म्हणतात तो हाच.

नव्या सपाट पडद्यांनीं या कामाची यांत्रिक अडचण पुष्कळशी दूर केली. धांवता ठिपका गेला, काळा पट्टा गेला. त्याऐवजीं नवी गंमत आली : पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या आंतहि तशीच जाळी. दोन मलमली एकावर एक धरून उजेडांत पाहिल्या म्हणजे जशा लाटा उमटतात, तशा या दोन जाळ्यांच्या मेळानें छायाचित्रांत लाटा उठतात. जाणते लोक याला बिघाड म्हणतात.

हा बिघाड असलेलें एक छायाचित्र सध्यां आमच्या मेजावर आहे. खानदेशांतील एका वाचक-भगिनींनीं तें पत्रासोबत पाठविलें. एप्रिल १९२१ नव्हे, २०२१. वर्ष स्पष्ट लिहितों, कारण शंभर वर्षांपूर्वींच्या साथींच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या आणि ही आपल्या डोळ्यांदेखत झाली. यजमान रुग्णालयांत, भेटीस कोणास सोडीत नव्हते. परगांवीं असलेल्या मुलानें भ्रमणध्वनीवरील बोलणें घरच्या मोठ्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था दूर बसून समजावून सांगितली, कारण बाईंना बारीक दिसत नाहीं. त्या उभ्या राहिल्या आणि बोलतां बोलतां पडद्याचीं सात छायाचित्रें त्यांनीं घेतलीं. तिसऱ्या दिवशीं यजमान गेले. गेल्या वर्षीं गांवच्या एका हौशी मंडळानें प्रदर्शन भरविलें, तेथें बाईंनीं सातांतील एक धाडलें; तें "पडद्याची नक्कल, स्वतःचें काम नव्हे" अशा शेऱ्यासह परत आलें. बाई लिहितात, "मला बक्षीस नको. पण तें माझें नव्हे, हें मला पटत नाहीं. आपण सांगावें."

चित्रांत यजमानांचा चेहरा पडदाभर आहे. हात थोडा वर उचललेला. हाक मारतात कीं निरोप देतात, कळत नाहीं. त्यावरून त्या लाटा गेल्या आहेत. आणि उजव्या बाजूस, रुग्णालयाची भिंत काळसर आहे तेथें, कांचेंत बाई स्वतः दिसतात : डोक्यावरून पदर, समोर धरलेला भ्रमणध्वनि, आणि खांद्यामागें देवघरांतील समईची ज्योत. तो हात या ज्योतीच्या दिशेनें उचलल्यासारखा दिसतो.

मंडळाच्या परीक्षकांचा निर्णय चुकला, असें आमचें स्पष्ट मत आहे. ती ज्योत रुग्णालयांत नव्हती. मुलानें आपल्या बाजूनें पाहिलेल्या चित्रांतहि नव्हती. दोन ठिकाणें, मध्यें कित्येक कोस, आणि त्या दोघांस एका कांचेवर आणणारें हें एकच चित्र. तें बाईंच्या जागीं उभें राहिल्यावांचून कोणासहि मिळालें नसतें. यावर कोणी म्हणेल कीं हें ठरवून केलेलें नाहीं, पडलेलें आहे. घेतांना तसें असेलहि. पण सातांपैकीं दुसरें एक चित्र स्वच्छ आहे, त्यांत प्रतिबिंब नाहीं, लाटाहि फारशा नाहींत, आणि बाईंच्या पुतण्यानें तेंच पाठवावें असा आग्रह धरला होता. बाईंनीं तो मानला नाहीं. आरंभीं आम्हीं निवडीच्या पक्षाला हंसलों. पण जाणत्यांनीं बिघाड म्हणून टाकलेलें आपलें म्हणून उचलणें, ही निवड टोपली भरण्याच्या जातीची नव्हे. राजशेखर परीक्षक असता तर त्यानें हें तिसऱ्या वर्गांत घातलें असतें.

मात्र कला ठरली म्हणजे लोकांपुढें मांडलीच पाहिजे असें नाहीं. तें पुन्हां दुसरीकडे पाठवूं काय, असेंहि बाईंनीं विचारलें आहे. आजारी माणसाचा चेहरा हा प्रथम त्याचा, मग घरच्यांचा, आणि सर्वांच्या शेवटीं रसिकांचा. यजमानांस विचारतां येत नाहीं. मुलगा आहे, मुलगी आहे, त्यांस विचारावें, आणि दोघांतील एकाचेंहि मन कचरलें तर चित्र घरांतच राहूं द्यावें. घरांत राहिल्यानें तें कमी होणार नाहीं. आणि कला नाहीं असें परीक्षकांनीं म्हटलें म्हणून राहिलेलीं सहा पुसून टाकण्याचा जो विचार पत्राच्या शेवटीं डोकावतो, तो मात्र बाईंनीं मुळींच मनांत आणूं नये. क्युराचीं चित्रें कला नव्हतीं.

सातहि चित्रें चांगल्या कागदावर उतरवून घ्यावींत; भ्रमणध्वनीच्या पोटांत ठेवलेलें कधीं नाहींसें होईल याचा नेम नाहीं. पाठीमागें मऊ पेन्सिलीनें दिवस, वेळ आणि कोण कोठें होतें तें लिहावें. ज्योतीचें चित्र चौकटींत लावावयाचें झाल्यास खिडकीसमोरच्या भिंतीवर लावूं नये, आणि कांच चकाकी न मारणारी मागून घ्यावी. नाहीं तर पाहणाऱ्याचें तोंड त्या दोघांच्या मध्यें दिसूं लागेल.